मैदानावरील पहिली पाच मिनिटे

खेळाचे मैदान म्हटले की विजय, टाळ्या आणि फार तर एखादा मुरगळलेला पाय, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. जेथे धट्टीकट्टी तरुण मुले जमतात तेथे मृत्यूचा विचार करणे आपणांस अभद्र वाटते. क्रीडावैद्यकाचा अनुभव मात्र निराळा आहे. मैदानावर प्राणसंकट क्वचित येते हे खरे. पण येते तेव्हा विचाराला उसंत देत नाही. म्हणून त्या घटकेला करावयाचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. ही पूर्वतयारी कशी करतात, हे आपण येथे थोडक्यात पाहू.

अमेरिकेत ‘ॲथलेटिक ट्रेनर’ नावाचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. हा खेळ शिकविणारा गुरू नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली खेळाडूंच्या दुखापती टाळणे, ओळखणे आणि त्यांवर प्रथम उपचार करणे, हे त्याचे काम. आम्ही त्यास येथे क्रीडोपचारक म्हणू. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली, आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायास आरोग्यसेवेचा एक व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

या व्यवसायाची कसोटी कशी लागते याचे एक उदाहरण घेऊ. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. डॅमार हॅमलिन या चोवीस वर्षांच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास अडविले, त्यात त्याच्या छातीला धक्का बसला. तो उठून उभा राहिला आणि लगेच कोसळला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या काही शतांशांइतका एक नाजूक क्षण असतो. नेमक्या त्या क्षणी छातीवर आघात झाला, तर निरोगी हृदयाचीही लय बिघडते. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलीत नाही. हॅमलिनच्या बाबतीत हेच घडले. संघाचे साहाय्यक क्रीडोपचारक डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच त्याची छाती दाबण्यास सुरुवात केली, विजेचा झटका देणारे यंत्र लावले गेले, आणि नंतरच त्यास रुग्णालयात नेले. त्याच वर्षी तो पुन्हा सामने खेळू लागला.

लोक याला चमत्कार म्हणाले. वस्तुतः त्यामागे साधी शिस्त होती. त्या व्यावसायिक संघांच्या प्रत्येक सामन्यापूर्वी एक तास आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय सेवक, रुग्णवाहिकेची मंडळी आणि पंच एकत्र येतात. कोण कोठे उभा राहील, यंत्र कोठे आहे, खूण कोणती, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे सारे तेव्हाच ठरते.

एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. हृदय असे थरथरू लागले आणि काहीच उपाय झाला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी येणारी रुग्णवाहिका कितीही सुसज्ज असली तरी ती उशिराच आलेली असते. म्हणून पहिली पाच मिनिटे मैदानावरच्या माणसांचीच असतात. धक्क्याने वा धक्क्याविना कोसळलेला खेळाडू हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय थांबले असे धरूनच चालावे. मधूनमधून लागणारी घरघर हा श्वास नव्हे. हातपाय झटकले म्हणजे फेफरेच आले, असे समजून नाकाला कांदा किंवा वहाण लावण्यात अमोल मिनिटे जातात. त्याऐवजी छातीच्या मधोमध, मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि यंत्र येताच ते लावावे.

क्रीडोपचारकांच्या संघटनेने २००२ साली या पूर्वतयारीची तत्त्वे प्रसिद्ध केली. योजना लेखी असावी, प्रत्येक मैदानाची वेगळी असावी आणि वर्षातून एकदा तरी तिची तालीम व्हावी, हे त्यांचे सार. समजा, चार माणसे आहेत. एकाने रुग्णापाशी राहावे, दुसऱ्याने यंत्र आणावे, तिसऱ्याने दूरध्वनी करून मैदानाचा नेमका पत्ता सांगावा, चौथ्याने फाटक उघडून रस्त्यावर उभे राहावे. गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण यंत्र कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली शिपायापाशी, अशी स्थिती असेल तर यंत्र असून नसल्यासारखेच.

पूर्वतयारीत जुन्या सवयी मोडाव्या लागतात, हे उष्माघातावरून कळते. उन्हात धावणारा कोसळला की त्यास गाडीत घालून रुग्णालयाकडे पळविणे, ही आपली स्वाभाविक प्रवृत्ती. शास्त्र सांगते, आधी थंड करा, मग हलवा. शरीराचे आतील तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, तर अर्ध्या तासाच्या आत त्यास बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवून थंड केले पाहिजे. अमेरिकेतील फॅल्मथ येथे उन्हाळ्यात सात मैलांची दौड होते. तेथील अठरा वर्षांतील उष्माघाताच्या २७४ रुग्णांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांस असेच थंड करण्यात आले होते, आणि ते सर्व वाचले. टाकी, पाणी आणि बर्फ एवढीच सामग्री. मात्र ती शर्यतीपूर्वी भरलेली हवी. तहान लागल्यावर विहीर खणून येथे भागत नाही.

तयारी असली म्हणजे प्रत्येक जीव वाचतोच, असा दावा कोणी करू नये. परंतु हे संकट केवळ परदेशचे, असेही समजू नये. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगलोर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर, संघाचा दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि मरण पावला. त्याचा संघ तो सामना जिंकला होता.

आपल्या कबड्डीच्या मैदानावर, कुस्तीच्या आखाड्यात किंवा शाळेच्या क्रीडामहोत्सवात बहुधा क्रीडोपचारक नसतो. तेथे असतात शिक्षक, पालक, मंडळाचे कार्यकर्ते, म्हणजे आपणच. मंडप, हार, ढाली आणि पाहुणे यांची यादी आपण महिनाभर आधी करतो. त्याच यादीत आणखी चार ओळी घालाव्यात, एवढीच आमची विनंती आहे: छाती दाबण्याचे शिक्षण कोणी घेतले आहे? १०८ ला दूरध्वनी कोण करील? रुग्णवाहिका कोणत्या फाटकाने आत येईल? बर्फ आणि पाणी कोठे आहे? या चार प्रश्नांपुढे चार माणसांची नावे लिहिली जात नाहीत, तोवर पहिल्या सामन्याची शिटी वाजवू नये.