छताखाली घडलेला हात

मारलेला चेंडू गोलखांबाशेजारच्या उंच जाळ्यावर आदळून मैदानात परत आला, तरी खेळ थांबत नाही. ज्याच्या हाती लागेल त्यानं तो घेऊन पळत सुटायचं! कडेला गाद्या लावलेल्या भिंती. धावता धावता खेळाडू थेट त्यांच्यावर आपटतात.

हा अरीना फुटबॉल, म्हणजे छताखालचा अमेरिकन फुटबॉल. जिम फॉस्टर यांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहता पाहता एका पाकिटावर त्याचा आराखडा काढला. १९८७ मध्ये लीग सुरूही झाली.

आकडे बघा. उघड्यावरचं मैदान १०० यार्ड लांब, १६० फूट रुंद आणि त्यात २२ खेळाडू. छताखाली लांबी ५० यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या जेमतेम सव्वादोन खेळपट्ट्या. रुंदी ८५ फूट, खेळाडू १६. हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला जवळपास एक-तृतीयांश जागा उरते. त्यात चेंडू झेलणाऱ्या एका रिसीव्हरला चेंडू खेळात येण्याआधीच पुढे धाव घ्यायची मुभा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला विचार करायला वेळ मिळणार कुठून? दिसलं की फेकायचं.

या खेळातून क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर पुढे आला. १९९४ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगमधल्या एकाही संघानं त्याला निवडलं नाही. ग्रीन बे पॅकर्सनं बोलावलं, पण सराव शिबिरातूनच परत पाठवलं. मग आयोवातल्या सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर रात्रपाळीला माल लावणं आलं. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या दुकानापाशीच रेंगाळतात. मला मात्र त्यानंतरची तीन वर्षं जास्त थक्क करतात. १९९५ ते १९९७ तो डे मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला, तेही फॉस्टर यांच्याच संघाकडून. संघ दोनदा अंतिम सामन्यात पोचला, दोन्ही वेळा हरला. पण त्या चिंचोळ्या जागेत वॉर्नरची नजर आणि हात एकाच वेगानं चालायला शिकले, असं मला वाटतं.

१९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संघाकडून एक मोसम, मग एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्सचा राखीव खेळाडू. १९९९ च्या मोसमाआधी मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा दुखावला आणि चेंडू २८ वर्षांच्या वॉर्नरच्या हाती आला. आदल्या वर्षी १६ पैकी ४ सामने जिंकलेल्या रॅम्सनं आता १३ जिंकले! वॉर्नरनं गोलरेषेपार पोचणारे ४१ टचडाउन पास दिले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

३० जानेवारी २००० चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. टेनेसी टायटन्सशी १६-१६ अशी बरोबरी, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली. प्रतिस्पर्धी जेव्हॉन कर्स अंगावर येऊन थडकतो, त्याच क्षणी वॉर्नरच्या हातून चेंडू सुटतो. तो थोडा तोकडा पडतो. आयझॅक ब्रूस मागे वळून झेलतो आणि गोलरेषा गाठतो. ७३ यार्डांचं टचडाउन. सामना २३-१६. त्या रात्री वॉर्नरनं पासवर ४१४ यार्ड काढले, सुपर बोलमधला तेव्हाचा विक्रम!

पुढे वयाच्या ३७ व्या वर्षी त्यानं ॲरिझोना कार्डिनल्सलाही सुपर बोलपर्यंत नेलं. एनएफएलच्या खेळाडूंचा मोठा मान, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, त्याला २०१७ मध्ये मिळाला. अरीना फुटबॉलनं आपल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०११ मध्येच घेतलं होतं.