दुष्काळांतील पाण्याची वांटणी

पाऊस कमी पडला म्हणजे पाणी कमी होतें, हें सांगावयास पंडित नको. परंतु तें कोणाच्या वांट्यास किती कमी यावें, हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो. आणि तो पेरणीपूर्वीं सोडविला कीं पीक करपूं लागल्यावर, यावर कित्येक घरांचें वर्ष अवलंबून असतें.

खानदेशांत पांझरा नदीच्या आणि नाशिक जिल्ह्यांत मोसम नदीच्या कांठीं या प्रश्नाचें एक उत्तर तीन-चारशें वर्षांपूर्वींच शोधलें गेलें. त्यास फड पद्धत म्हणतात. आज ती पुष्कळ ठिकाणीं मोडली आहे, तरी तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. नदींत दगडी बंधारा घालून पाणी अडवावयाचें, तें पाटानें शेतांकडे न्यावयाचें, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडावयाचे. असा प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एकांत ऊंस, तर दुसऱ्यांत गहूं. आणि पिकें वर्षावर्षाला एका फडांतून दुसऱ्यांत फिरवावयाचीं. शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत थोडी थोडी विखुरलेली असते. शहरांतील सुशिक्षितास हे तुकडे अडाणीपणाचे वाटतील, परंतु सारी हिकमत त्यांतच आहे. नदीची धार बारीक दिसूं लागली कीं पंच एखादा फड त्या हंगामापुरता ओलिताबाहेर ठेवतात. त्या फडांत बहुतेकांची जमीन असल्यामुळें तोटा सर्वांत वांटला जातो, आणि उरलेल्या फडांस पुरेसें पाणी मिळून प्रत्येकाच्या घरीं कांहींतरी धान्य येतें. असें न करतां सर्वांनीं सर्व जमीन पेरली असती तर पाटाच्या तोंडाशीं असलेल्यांचें पीक तरारलें असतें आणि शेवटास असलेल्यांचें वाळून गेलें असतें.

पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें. शेतकऱ्यानें स्वतः बारें फोडावयाचें नाहीं, मग तो कितीही मोठा असो. पाटकऱ्यावर देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याची, आणि या सर्वांचा मेहनताना जमिनीच्या प्रमाणांत गांवानेंच द्यावयाचा. पंचांचें वजन उरलें नाहीं तेथें ही घडी टिकत नाहीं, हें उघड आहे. विख्यात अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीचीं पहिलीं वर्षें १८८४ पासून नाशिक-खानदेशांतच गेलीं. पुढें दक्षिणेंतील कालव्यांवर त्यांनीं जी गटवार पाणी देण्याची पद्धत आणली, तिचें फडाशीं असलेलें साम्य सहज नजरेंत भरतें.

एका बंधाऱ्याची गोष्ट अनेक धरणांच्या नदीस लावणें मात्र अवघड. गोदावरीवर नाशिक व नगरकडील धरणें वरच्या अंगास, आणि मराठवाड्याचें जायकवाडी खालीं. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरण कायद्यानें असें ठरविलें कीं, टंचाईच्या वर्षीं ऑक्टोबरअखेर खोऱ्यांतील धरणांचे सांठे सारख्या टक्केवारीवर आणावे. हेतु फडाचाच: तूट सर्वांनीं वांटून घ्यावयाची. परंतु येथें वरचा व खालचा शेतकरी एकमेकांस ओळखत नाहीं, आणि सोडलेलें पाणी कोरड्या पात्रांतून जातां जातां बरेंच मुरतें व उडून जातें. म्हणून २०१२, २०१५ व २०२३ या वर्षीं पाणी सोडतांना तक्रारी, मोर्चे आणि न्यायालय हें सर्व झालें.

विहिरीचें त्याहून बिकट आहे. नदीचें पाणी डोळ्यांस दिसतें. विहिरीचें दिसत नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें, ठराविक प्रवाहानें न वाहणारें जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकास दिला. भूमीला अर्थातच सातबारा ठाऊक नाहीं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत व खडकाच्या भेगांत. तो थर जेमतेम, आणि बांधाच्या दोन्ही अंगांस एकच. एकानें विहीर खोल नेली म्हणजे शेजाऱ्याचे झरे आटतात. मग शेजारीही सुरुंग लावतो. दोघांस कर्ज होतें, पाणी मात्र वाढत नाहीं.

मोटेच्या काळीं यास आपोआप आळा होता. दुपारीं बैल थकत, मोट सुटे, आणि तेवढ्या वेळांत झरे विहीर भरून काढीत. विजेच्या पंपास थकवा नाहीं. सामाईक विहिरीवर पाळी असते, तिचेंही गणित पंपानें बदललें. सकाळीं ज्याची पाळी त्यास भरलेली विहीर मिळते, संध्याकाळच्यास गाळ. म्हणून समजूतदार भागीदार उन्हाळ्यांत पाळी तासांवर न ठेवतां दिवसांवर ठेवतात.

१९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यापुढचा व्यापक भूजल कायदा २००९ चा. परंतु प्रत्येक पंपापाशीं शिपाई उभा करतां येत नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या कमी पावसाच्या गांवानें तो प्रश्न ग्रामसभेंतच सोडविला. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, असा तेथें नियम आहे. पावसाळा सरला कीं पडलेला पाऊस व विहिरींतील पातळी यांवरून गांव वर्षाचा पाण्याचा ताळेबंद मांडतें. पिण्याचें व जनावरांचें पाणी आधीं बाजूस काढतात. शिल्लक राहील त्यावरून रब्बीस कोणतें पीक किती घ्यावयाचें, आणि कोणतें त्या वर्षीं मुळींच घ्यावयाचें नाहीं, हें बियाणें घरांत येण्यापूर्वींच सभेपुढें ठरतें.