म्योसा तलावाकाठचा लाकडी टॉवर

नॉर्वेतल्या ब्रुमुन्डाल गावात, म्योसा या देशातल्या सर्वांत मोठ्या तलावाच्या काठी, 'म्योसटॉर्नेट' नावाची १८ मजली इमारत उभी आहे. उंची ८५.४ मीटर आणि सगळा सांगाडा लाकडाचा! २०१९ मध्ये ती पूर्ण झाली, तेव्हा जगातली सर्वांत उंच लाकडी इमारत हीच होती. आत हॉटेल, कार्यालयं, घरं, सगळं आहे.

खांब ग्लुलॅमचे, म्हणजे स्प्रूसच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेले. कोपऱ्यातले खांब तर जवळपास दीड मीटर रुंद! लाकूड आसपासच्या जंगलांतलं, कारखानाही जवळचाच. झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन इमारत उभी आहे तोवर लाकडातच राहतो.

'आग लागली तर?' हा प्रश्न येणारच. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर जळतं, आणि तो कोळशाचा थरच आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो. जोडांच्या पोलादी पट्ट्या म्हणूनच लाकडाच्या पोटात खोल बसवल्या आहेत.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लाकूड हलकं, त्यामुळे वाऱ्यात वरचे मजले डोलतात. इमारत पडत नाही, पण राहणाऱ्यांना ते जाणवतं. म्हणून वरच्या सात मजल्यांची जमीन मुद्दाम काँक्रीटची केली, मुख्यतः वजनासाठी! हट्टाने सगळंच लाकडाचं करण्यापेक्षा हा निर्णय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या 'असेंट'ने उंचीचा विक्रम मोडला. तिथे मात्र लाकडाखाली काँक्रीटचे मजले आहेत.