फिरण्याची वाट आणि राहण्याचें घर



प्रातःकाळीं उठून मोकळ्या हवेंत कोस-दोन कोस चालून यावें, ही इच्छा कोणाही विचारी मनुष्यास योग्यच वाटेल. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत तर पायीं चालणें हें आरोग्याइतकेंच भक्तीचेंहि अंग आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायीं येणाऱ्या भाविकांनीं रस्ता कसा फुलून जातो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु ती वाट पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे. केवळ फिरण्यासाठीं, सायकलीसाठीं किंवा व्यायामासाठीं नवी वाट भरवस्तींतून काढावयाची झाली, म्हणजे मात्र गांवांत दोन तट पडतात. त्या वादाचें स्वरूप काय, हें आज पाहूं.

वाट मागणारांचें म्हणणें खरें असतें. शहरांत मोटारींच्या गर्दींतून मुलांना आणि वृद्धांना चालणें कठीण झालें आहे. त्यांना निर्धोक जागा हवी. वाटेस हरकत घेणारांचें म्हणणेंहि खोटें नसतें. परसदाराशीं रात्रंदिवस परकीं माणसें येणार, घराचा एकांत जाणार, कोणाची भिंत तर कोणाचें सारें घरच जाणार. फिरणारा मनुष्य तासाभरानें आपल्या घरीं परततो. वाटेकडेचा मनुष्य अहोरात्र तेथेंच असतो. म्हणून हरकत घेणारास एकदम स्वार्थी म्हणणें अन्यायाचें होय.

याचें मोठें उदाहरण मुंबईचें आहे. १८९२ सालापासून तानसा तलावाचें पाणी त्या शहरास मिळूं लागलें. त्याच्या जलवाहिन्या उपनगरांतून जातात आणि त्यांच्या कडेनें कालांतरानें दाट वस्त्या झाल्या. पाणीपुरवठ्याच्या सुरक्षिततेसाठीं जलवाहिनीच्या दोहों बाजूंस दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें दिला. मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हां अतिक्रमण होऊं नये, म्हणून तेथें सुमारें ३९ किलोमीटरांचा सायकलींचा व चालण्याचा मार्ग करण्याची योजना महानगरपालिकेनें २०१७ साली मांडली. वस्त्या जलवाहिनीसाठीं हलविल्या, केवळ सायकलींसाठीं नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

प्रश्न उद्भवला तो पुढेंच. उठविलेल्या अनेक कुटुंबांना माहुल येथें घरें देण्यांत आलीं. माहुल हें तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांना लागून आहे. तेथील हवेमुळें रहिवाशांच्या प्रकृतीस धोका आहे, असा निर्णय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालींच दिला होता. तेथें गेलेल्या लोकांनीं आजारांच्या तक्रारी केल्या व २०१८ सालीं विद्याविहार येथें धरणें धरलें. अखेर सप्टेंबर २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, लोकांवर माहुलची सक्ती करूं नये. पर्यायी घर न दिल्यास दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें. एकाच्या स्वच्छ हवेसाठीं आंखलेल्या वाटेच्या कडेनें दुसऱ्यास दूषित हवेंत जावें लागलें, हा विरोधाभास मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं.

आतां परदेशाकडे वळूं. अमेरिकेंत वापरांतून गेलेल्या रेल्वेमार्गांच्या जागीं फिरण्याच्या वाटा करण्यास १९८३ सालच्या कायद्यानें मोकळीक दिली. व्हरमाँट संस्थानांतील एका कुटुंबानें हरकत घेतली कीं, रेल्वे बंद झाली तेव्हां जमीन आमची आम्हांस परत मिळावी. १९९० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कायदा योग्य ठरविला. परंतु भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा आहे, असेंहि सांगितलें. १९९६ सालीं दुसऱ्या न्यायालयानें भरपाईचा हक्क मान्य केला. म्हणजे वाट राहिली आणि हक्कहि बुडाला नाहीं.

आपल्याकडे काय उपाय आहे? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि हरकतदारांस सुनावणी मिळते. परंतु ती सूचना वाचतो कोण? मी शिक्षक असतांना एका सायंकाळीं एक वृद्ध बाई पदराच्या गांठींत बांधलेला कागद वाचून घेण्यास शाळेंत आल्या. हरकतीची मुदत आठ दिवसांपूर्वींच संपली होती. “मग आतां काय करूं, गुरुजी?” या त्यांच्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. तेव्हांपासून माझी समजूत अशी झाली आहे कीं, नुसती छापलेली सूचना ही अर्धीच सूचना होय. ती घरोघर वाचून दाखविली पाहिजे.

वाट आंखण्यापूर्वीं गांवानें चार प्रश्न विचारावे. ओढ्याचा कांठ किंवा पडीक सरकारी जमीन असतांना वस्तींतूनच जाणें अवश्य आहे काय? ज्यांना उठावें लागेल त्यांचें घर, रोजगार व मुलांची शाळा यांची सोय आधीं झाली आहे काय? वाटेच्या वेळा, दिवे, आडोसा व देखभाल कोणाकडे? आणि आंखणी होत असतांना वाटेकडेच्या लोकांना विचारलें होतें काय?

या चारांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर वाट अवश्य करावी. तिला विरोध करणें शहाणपणाचें नाहीं. एकाहि प्रश्नाचें उत्तर नसेल, तर फावडें उचलण्यापूर्वीं थांबावें. कारण वाट पुन्हां आंखतां येते. मोडलेलें घर मात्र होतें तसें पुन्हां उभें राहत नाहीं.