खुले की बंदिस्त? : हातात मावणाऱ्या इंटरनेट उपकरणाच्या निवडीचा एक विचार

प्रस्तावना

संगणकीय उपकरण खरेदी करताना सर्वसाधारण ग्राहक किंमत, पडद्याचा आकार, साठवणक्षमता आणि बॅटरीचा टिकाव या गोष्टींची तुलना करतो. या सर्व गोष्टी माहितीपत्रकात आकड्यांनी मांडता येतात, म्हणून त्यांची तुलना सोपी असते. मात्र विकत घेतलेल्या उपकरणात पुढे कोणते बदल करता येतील, ते करण्याचा अधिकार कोणाकडे असेल आणि निर्मात्या कंपनीने लक्ष काढून घेतल्यानंतर त्या उपकरणाचे काय होईल, हे प्रश्न माहितीपत्रकात कोठेही आढळत नाहीत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे केला आहे.

हे उदाहरण २००७-०८ या काळातील आहे. फिनलंडच्या नोकिया कंपनीचे 'एन८००' व 'एन८१०' हे इंटरनेट टॅब्लेट आणि अमेरिकेच्या ॲपल कंपनीचा 'आयपॉड टच' ही उपकरणे त्या वेळी पाश्चात्त्य बाजारपेठेत शेजारी शेजारी उभी होती. दोहोंतही दूरध्वनीची सोय नव्हती. दोन्ही उपकरणे वाय-फायवरून इंटरनेटला जोडली जात आणि दोन्ही खिशात मावत. घडणीत इतके साम्य असूनही मालकाला मिळणाऱ्या अधिकारांच्या बाबतीत ती दोन टोकांना होती. म्हणूनच तुलनेसाठी ही जोडी विशेष सोयीची ठरते.

दोन उपकरणांची घडण

नोकियाचा या मालिकेतील पहिला टॅब्लेट '७७०' हा नोव्हेंबर २००५ मध्ये विक्रीस आला. जानेवारी २००७ मध्ये ३९९ डॉलर किमतीचा एन८०० आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकत्या कळफलकाचा व जीपीएस असलेला एन८१० आला, त्याची किंमत ४७९ डॉलर होती. या सर्वांचा पडदा सुमारे ४.१ इंचांचा व ८०० × ४८० बिंदूंचा होता. ॲपलने सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केलेल्या आयपॉड टचचा पडदा ३.५ इंचांचा व ४८० × ३२० बिंदूंचा होता. त्याच्या ८ जीबी नमुन्याची किंमत २९९ डॉलर, तर १६ जीबीची ३९९ डॉलर होती. गुणाकार केल्यास नोकियाच्या पडद्यावर ३,८४,००० व ॲपलच्या पडद्यावर १,५३,६०० बिंदू येतात, म्हणजे नेमके अडीच पट. याशिवाय एन८०० मध्ये मेमरी कार्डासाठी दोन खाचा होत्या, तर आयपॉड टचमध्ये एकही नव्हती.

कागदावर नोकियाची सरशी होती, हे उघड आहे. प्रत्यक्ष हाताळणीत मात्र चित्र उलटत असे आणि त्याचे कारण पडद्याच्या तंत्रात होते. नोकियाचा पडदा दाबावर चालणारा होता. अशा पडद्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन पापुद्रे किंचित अंतरावर बसविलेले असतात. दाब पडला की ते एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या जागेवरून स्पर्शाचे स्थान काढले जाते. त्यामुळे नख किंवा स्टायलस यांनी बारीक काम अचूक करता येते, परंतु एका वेळी एकच स्पर्श ओळखला जातो आणि प्रत्येक वेळी दाबावे लागते. ॲपलचा पडदा बोटाच्या विद्युत्-गुणधर्मामुळे पडद्याखालील विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजत असे. त्याला दाब लागत नसे व दोन बोटांचे स्पर्श वेगवेगळे ओळखता येत. चिमटीने चित्र लहानमोठे करण्याची आज सवयीची झालेली क्रिया यामुळेच शक्य झाली. तंत्राची जाण नसलेल्या माणसाच्या हाती दोन्ही उपकरणे दिली असती, तर त्याने कोणते परत केले नसते हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

'हॅक' या शब्दाचा येथील अर्थ

आपल्या वृत्तपत्रांमुळे 'हॅकर' म्हणजे संगणकातील चोर असा समज रूढ झाला आहे. मूळ अर्थ तसा नाही. यंत्र उघडून, समजून घेऊन, त्याच्याकडून निर्मात्याने न योजलेले काम करवून घेणारा मनुष्य, म्हणजे मराठीत ज्याला आपण 'खटपट्या' म्हणतो तो, असा हा अर्थ आहे. रेडिओ उघडून बसणारा शेजारी प्रत्येकाच्या परिचयाचा असतो.

नोकियाच्या टॅब्लेटवरील 'मेमो' ही ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्सवर आधारित होती व तिची बांधणी डेबियन या सुप्रसिद्ध लिनक्स वितरणावरून घेतलेली होती. त्यामुळे मेजावरील संगणकासाठी आधीच लिहिलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर थोडाफार बदल करून या लहान उपकरणावर आणता येत असे. पुस्तके वाचण्याचा 'एफबीरीडर', संवादाचा 'पिजिन', हिशेबाचा 'न्यूमरिक' हे कार्यक्रम असेच आले. 'ईझी डेबियन' या उपक्रमाने तर संपूर्ण डेबियन प्रणाली मेमरी कार्डावर बसवून त्यात ओपनऑफिस चालवून दाखविले. ते संथ चालत असे, पण चालत असे. या खटपटीला कंपनीचा विरोध नव्हता. प्रणाली नव्याने भरण्याचे साधन नोकिया स्वतःच देत असे आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या निवडक व्यक्तींना एन८१० अवघ्या ९९ युरोंत देण्याची योजनाही कंपनीने राबविली. कार्यक्रम बसविण्याच्या सोयीत तर एक गंमत दडविलेली होती. नव्या भांडाराच्या पत्त्याच्या जागी 'मॅट्रिक्स' असे टंकित केले की तांबडी गोळी हवी की निळी, असा प्रश्न येई. तांबडी निवडल्यास एरवी लपविलेली अंतर्गत पॅकेजेस दिसू लागत. आपल्याच उपकरणाची मागची दारे दाखविणारी कंपनी विरळाच म्हटली पाहिजे.

आयपॉड टचवर आरंभी ॲपलव्यतिरिक्त कोणाचाही कार्यक्रम बसविता येत नव्हता. बाहेरच्या कार्यक्रमांसाठीचे दुकान जुलै २००८ मध्ये सुरू झाले. त्यातही प्रत्येक कार्यक्रम कंपनीच्या परवानगीनेच ठेवला जाई व तो तेथे मांडण्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागत. टपाल, नकाशे, टिपणे हे ॲपलचेच कार्यक्रम जानेवारी २००८ मध्ये आयपॉड टचच्या आधीच्या ग्राहकांना १९.९९ डॉलर घेऊन देण्यात आले. दुकानाची सोय असलेल्या नव्या प्रणालीसाठी त्याच ग्राहकांकडून आणखी ९.९५ डॉलर घेतले गेले. उपकरणाची किंमत दुकानात एकदा मोजून संपत नाही, याचे हे प्रारंभीचे उदाहरण होय.

कळफलकाचा प्रश्न

खुलेपणाची चर्चा अनेकदा तात्त्विक पातळीवर अडकते. मराठी वाचकाला तिचा अर्थ कळफलकाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. एन८१० वरील कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटेल, हे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असे. ती फाइल बदलण्याचा अधिकार मालकाला होता. कंपनीने न पुरविलेल्या भाषांसाठी वापरकर्त्यांनी स्वतः मांडण्या लिहून त्या इतरांना दिल्या. अर्थात अधिकार असला म्हणून काम आपोआप होत नाही. त्या त्या भाषेतील कोणीतरी ते अंगावर घ्यावे लागते. लहान बाजारपेठेच्या भाषांना ही अट कठीण वाटली तरी ती निदान त्यांच्या हातातील अट आहे.

ॲपलच्या उपकरणांवर ही वाट नव्हती. मराठीचा कळफलक सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीबरोबर मिळाला. अन्य कोणी तयार केलेला कळफलक संपूर्ण प्रणालीसाठी बसविण्याची मुभाही त्याच आवृत्तीपासून मिळाली. पहिल्या आयपॉड टचला मिळालेली शेवटची आवृत्ती ३.१.३ ही २०१० मधील होती. म्हणजे त्या यंत्राचा मालक कितीही जाणकार असला तरी अधिकृत मार्गाने त्यावर मराठी कळफलक कधीच आला नाही. कोट्यवधी लोक जी भाषा बोलतात तिचा क्रम कधी लागावा, हे येथे कंपनीच्या वेळापत्रकाने ठरविले.

कुलूप, किल्ली आणि चोर

बंदिस्तपणाच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे व तो टाळणे योग्य होणार नाही. तो सुरक्षिततेचा. ऑक्टोबर २००७ मध्ये आयपॉड टच व आयफोन यांच्या १.१.१ आवृत्तीतील एका दोषाचा उपयोग करून ती मोकळी करण्याची युक्ती प्रसिद्ध झाली. टिफ प्रकारचे चित्र वाचण्याच्या पद्धतीत हा दोष होता. त्यामुळे केवळ ब्राऊझरमध्ये विशिष्ट पान उघडले की उपकरण मोकळे होई. मालकाला याचा आनंद झाला असेल, परंतु एका पानाने मित्राला दार उघडत असेल तर दुसऱ्या पानाने चोरालाही ते उघडणार. विशेष म्हणजे मोकळे करणारा तो कार्यक्रमच जाता जाता ही फट बुजवीत असे. कंपनीच्या आधी ग्राहकांनी केलेली ही दुरुस्ती होती.

पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मोकळ्या केलेल्या आयफोनवर एक किडा पसरला. त्यांच्या मालकांनी दुरून प्रवेश देणारी सोय बसविली होती, पण मूळचा, जगजाहीर असलेला परवलीचा शब्द बदलला नव्हता. मेमोमध्येही असा एक सर्वज्ञात आरंभीचा शब्द होता. तेव्हा खुले उपकरण वापरणाऱ्याने पहारेकऱ्याचे कामही स्वीकारलेले असते, हे लक्षात घ्यावयास हवे. जी मंडळी हे काम करणार नाहीत त्यांच्यासाठी कुलूपबंद यंत्र अधिक बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फरक एवढाच की नोकियाच्या मालकाला किल्ली खोक्याबरोबर मिळत होती, तर ॲपलच्या मालकाला ती फोडून घ्यावी लागत होती. अमेरिकेत स्वतःचा दूरध्वनी असा मोकळा करण्यास प्रताधिकार कायद्यातून स्पष्ट सूट २०१० मध्ये मिळाली. टॅब्लेटसाठी ती मिळण्यास २०१५ उजाडले.

पालकत्व संपल्यानंतर

खुल्या उपकरणाचा निर्माता अधिक निष्ठावान असतो, असे मानण्यास आधार नाही. ७७० बाजारात येऊन सव्वा वर्ष होत नाही तोच एन८०० आला आणि नव्या प्रणालीच्या अधिकृत यादीतून ७७० गळला. जुन्या ग्राहकांसाठी 'हॅकर एडिशन' नावाची, हमी नसलेली आवृत्ती देण्यात आली. एन८०० व एन८१० यांचीही तीच गत झाली. २००८ ची 'डायब्लो' ही त्यांची शेवटची मुख्य आवृत्ती ठरली आणि २००९ चा एन९०० ज्या पाचव्या मेमोवर चालला ती त्यांना मिळाली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरल्यावर हा संपूर्ण वंशच निराधार झाला. अधिकृत आयुष्याच्या हिशेबात आयपॉड टचचा मालक काकणभर अधिक सुखी राहिला, असे म्हणावे लागेल.

खरा फरक त्यानंतर दिसतो. २००९ मध्ये वापरकर्त्यांनी 'मेर' हा प्रकल्प हाती घेतला. नवी प्रणाली जुन्या टॅब्लेटवर आणणे हा त्याचा मूळ हेतू होता. तेथे अडचण आली ती नोकियाने बंद ठेवलेल्या भागांची. मेमोचा बराचसा भाग खुला असला तरी एन८०० च्या चित्रसंस्करण करणाऱ्या भागाचा चालक कार्यक्रम कधीच उपलब्ध झाला नाही. वाय-फायचा एक भाग सुरुवातीस केवळ तयार स्वरूपात दिला जाई व तो ठरावीक कर्नललाच जुळे. त्याचा खुला पर्याय पुढे तयार झाला. बॅटरी भारित करण्याचे नियंत्रणही बंद कार्यक्रमाकडे होते. बॅटरीच भारित होत नसेल तर वरचे सर्व सॉफ्टवेअर खुले असून उपयोग काय? म्हणून 'हे उपकरण खुले आहे काय' असा एकच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. वीज, बिनतारी जोडणी आणि पडदा यांना चालविणारे कार्यक्रम कोणाच्या हाती आहेत, असे तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. विक्रेता यांची उत्तरे सहसा देत नाही. मूळ लिनक्स कर्नलमध्ये त्या यंत्राला आधार आहे किंवा नाही, हे पाहिल्यास ती बहुतांशी मिळतात.

या कसोटीवर पाहता एकट्याने वापरणाऱ्या, मदतीस कोणी जाणकार नसलेल्या ग्राहकाने २००७ मध्ये आयपॉड टच घेतला असता तर त्यात काही चूक नव्हती. परंतु ज्या प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा मित्रमंडळात एक जरी खटपट्या मनुष्य होता, तेथे एन८०० हीच अधिक शहाणपणाची खरेदी होती. अशा ठिकाणी एकाने केलेली दुरुस्ती सर्वांच्या यंत्रांना लागू पडते आणि एका माणसाची जाण दहा उपकरणांवर वाटली जाते.

आयपॉड टचची मालिका ॲपलने मे २०२२ मध्ये बंद केली. मेर प्रकल्पाला जुन्या टॅब्लेटवर पूर्ण यश आले नाही, तथापि २०११ मध्ये तो नव्या स्वरूपात उभा राहिला आणि त्यातूनच फिनलंडच्या जोला कंपनीच्या 'सेलफिश' या प्रणालीचा गाभा तयार झाला. एन९०० च्या बॅटरीचे नियंत्रण कालांतराने खुल्या स्वरूपात लिहिले गेले व मूळ लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाले. 'मेमो लेस्टे' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प त्याच पायावर एन९०० साठी नवी प्रणाली तयार करीत आला आहे. एन८०० ला मात्र चित्रसंस्करणाचा तो चालक शेवटपर्यंत मिळाला नाही.