शेरखानचे लंगडणे कुठे गेले?

जबलपूरहून नागपूरकडे जाताना वाटेत सिवनी लागते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ मध्ये मोगलीच्या गोष्टी या सिवनीच्या डोंगरांत घडवल्या. पुढे त्यातला वाघ, अस्वल, अजगर आणि बघीरा हा काळा बिबट्या यांना निरनिराळ्या देशांतल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंनी पडद्यावर आणले. मूळ पात्रे तीच, रूपे मात्र अनेक; त्यामुळे एक रुळलेला समज तपासायला ती सोयीची आहेत. समज असा, की पात्र लेखकाच्या कागदावरच पूर्ण झालेले असते, चित्रकार त्याला रूप देतो आणि शेवटी एखादा नामवंत नट येऊन आवाज भरतो. डबिंगपुरता हा क्रम खरा आहे. तिथे चित्र आधीच तयार असते आणि ओठांच्या हालचालीत वाक्य बसवावे लागते. परदेशी अ‍ॅनिमेशन आपल्यापर्यंत बहुधा डब होऊनच येते, म्हणून हीच रीत सगळीकडची वाटते. डिस्नेच्या स्टुडिओत मात्र आधी संवाद ध्वनिमुद्रित होतात आणि ते ऐकत अ‍ॅनिमेटर चित्रे काढतात.

या क्रमाने पात्राचा स्वभावच बदलू शकतो. किपलिंगचा बालू हा जंगलाचे कायदे शिकवणारा, चुकल्यावर फटके देणारा कडक मास्तर. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटासाठी गायक-विनोदवीर फिल हॅरिस आला, लिहून दिलेल्या ओळी सोडून आपल्या ढंगात बोलू लागला, आणि बालूची भूमिका वाढत गेली. मास्तर गेला, ऐसपैस मजेत जगणारा दोस्त आला. शेरखानचे उदाहरण तर अधिकच बोलके. मूळ वाघ जन्मापासून एका पायाने लंगडा आहे. गुरांवर ताव मारतो तो त्यामुळेच. अ‍ॅनिमेटर मिल्ट काहलने उभा केलेला डिस्नेचा वाघ जड जबड्याचा, रुबाबात चालणारा आहे आणि जॉर्ज सँडर्सचा आवाज थंड, सुसंस्कृत, सहसा न चढणारा. त्या आवाजाला लंगडा पाय शोभला नसता. व्यंगातून आलेली क्रूरता जाऊन सत्तेच्या मस्तीतली क्रूरता आली. माझ्या मते दुसरी जास्त भीतिदायक आहे.

मग आवाजच सर्व काही, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. स्टर्लिंग हॉलोवे या नटाने १९६६ मध्ये विनी-द-पू या भोळ्या अस्वलाला आवाज दिला आणि पुढच्याच वर्षी ‘का’ या अजगराला. कुजबुजल्यासारखा मऊ सूर दोन्हीकडे तोच. गुबगुबीत अस्वलाच्या तोंडी तो निरागस वाटतो. डोळ्यांत रंगीत वलये फिरवत भक्ष्याला विळखा घालणाऱ्या अजगराच्या तोंडी तोच सूर लबाड होतो. (किपलिंगचा ‘का’ मात्र मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा मित्र आहे, हे चित्रपट पाहणाऱ्याला सांगूनही पटत नाही.) सोव्हिएत अ‍ॅनिमेशनपटांत बघीरा मादी आहे आणि तिची लवचिक चाल व ल्युदमिला कासात्किना या अभिनेत्रीचा आवाज एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

चित्र निसर्गाशी जितके प्रामाणिक तितके पात्र अस्सल, हाही एक भ्रम. सिवनीच्या जंगलात ओरांगउटान कधी नव्हता, तरी १९६७ चा किंग लुई लोकांच्या लक्षात राहिला. २०१६ च्या, जवळजवळ संपूर्ण जंगल संगणकावर रचलेल्या चित्रपटाने ही चूक टाळण्यासाठी त्याला लुप्त झालेला महाकाय वानर केले. प्राणिशास्त्र सुधारले, पण लुईची जरब येते ती त्याच्या अवाढव्य आकारातून आणि ख्रिस्तोफर वॉकेनच्या सावकाश बोलण्यातून.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: डबिंगमध्ये नट घेतात ते नावासाठी, आवाजासाठी नव्हे. २०१६ च्या हिंदी आवृत्तीत इरफान खान, ओम पुरी, प्रियांका चोप्रा ही नावे होती, तेव्हा आक्षेपात तथ्य आहे. पण इरफानने बालूला पंजाबी वळणाची हिंदी दिली, आणि तो नुसत्या नावाचा उपयोग नव्हता. शेरखान तर नाना पाटेकर यांच्याकडेच गेला. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी मालिकेच्या हिंदी रूपांतरातही शेरखान त्यांनीच केला होता. तेवीस वर्षांनी वाघाचा चेहरा पूर्ण नवा होता, भाजल्याच्या खुणा असलेला, हुबेहूब खऱ्यासारखा. हिंदी ऐकणाऱ्यांना तरीही तो ओळखीचा वाटावा म्हणून जुना आवाजच परत आणावा लागला.