गांजा पिकविणारा छोटा शेतकरी आणि मोरोक्कोचा कायदा

माल एकाने पिकवायचा, भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि नफा तिसऱ्याने न्यायचा, हा अनुभव आपल्या कारागीर बांधवांना नवा नाही. उत्तर मोरोक्कोतील रिफ पर्वतातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच भोगत आले. त्यांचे पीक गांजाचे, म्हणून त्यांच्या वाट्याला पोलिसांची भीतीही आली. या छोट्या शेतकऱ्याला कायद्याच्या छत्राखाली आणण्याचा प्रयत्न मोरोक्कोने २०२१ साली केला. त्यात व्यापाऱ्याने पाहण्यासारखे बरेच आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

२००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मोरोक्कोत या पिकाची पाहणी झाली. तेव्हा सुमारे १ लाख ३४ हजार हेक्टरांवर गांजा होता आणि ९६ हजारांहून अधिक कुटुंबे त्यावर जगत होती. या मालाची एकूण उलाढाल १२०० कोटी डॉलर धरली गेली; शेतकऱ्यांच्या हाती आले सुमारे २१ कोटी डॉलर. म्हणजे शंभर डॉलरमागे दोन डॉलरही नाहीत! बाकीची रक्कम दलाल आणि युरोपात माल पोहोचविणाऱ्या टोळ्यांनी नेली.

कायद्यात काय आहे?

१३-२१ क्रमांकाचा हा कायदा औषध, सौंदर्यप्रसाधने व उद्योग यांच्यापुरताच आहे. नशेसाठी वापर पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे. तरीही विरोध झाला. तेव्हा सरकारचे नेतृत्व करणाऱ्या जस्टिस अँड डेव्हलपमेंट पार्टीनेच संसदेत विरोधी मतदान केले. विधेयक मात्र मंजूर झाले.

छोट्या माणसाच्या दृष्टीने त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, लागवडीचा परवाना बाहेरच्या भांडवलदाराला मिळत नाही. अर्जदार मोरोक्कोचा नागरिक आणि ठरविलेल्या प्रांताचा रहिवासी असावा लागतो. अल-हुसीमा, शेफशावन आणि तावनात हे ते तीन प्रांत.

दुसरी, जमिनीची कागदपत्रे नसली तरी वाट बंद होत नाही. हा माणूस ही जमीन कसतो, असा स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला चालतो. डोंगरी भागात ही मोठीच सवलत आहे.

तिसरी, शेतकऱ्याने सहकारी संस्थेत सामील झालेच पाहिजे. माल संस्थेमार्फत, लेखी कराराने, परवानाधारक कारखान्यालाच जातो. बियाणे सरकारी यंत्रणेने मान्य केलेले हवे. करारापेक्षा जास्त निघालेले पीक नष्ट करावे लागते.

अनुभव काय सांगतो?

पहिले परवाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिले गेले. २०२३ च्या पहिल्या कायदेशीर हंगामात ३२ सहकारी संस्थांतील चारशेहून थोड्या अधिक शेतकऱ्यांनी सुमारे २९४ टन माल काढला. २०२४ मध्ये उत्पादन चार हजार टनांवर गेले. त्या वर्षापासून ‘बेल्दिया’ या कमी पाण्यावर तगणाऱ्या देशी वाणालाही मान्यता मिळाली. परदेशी बियाण्यांना पाणी अधिक लागते आणि ती विकत घ्यावी लागतात. देशी वाण शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे.

पण एक अडचण राहिली होती. ज्याच्यावर जुना खटला किंवा पकडण्याचा हुकूम आहे, तो परवान्यासाठी सरकारी कचेरीत जाणार कसा? ऑगस्ट २०२४ मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी गांजा लागवडीच्या प्रकरणांतील ४,८३१ जणांना माफी दिली, तेव्हा कुठे त्यांची वाट मोकळी झाली.

एवढे होऊनही बेकायदा लागवड संपलेली नाही. कारण व्यापाऱ्याला सहज कळेल असे आहे. चोरटा खरेदीदार रोख मोजतो आणि कागद मागत नाही. कायदेशीर मालाचे पैसे तपासणी, नोंद व कारखान्याचा हिशेब झाल्यावर येतात. घरात रोजचा खर्च असलेल्या माणसाला हा उशीर परवडत नाही. कायद्याने दलाल बाजूला केला, पण दलाल जी उचल देत असे तिची सोय कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

आपल्यापुरते

आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना गांजा लावणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. याच कायद्याचे १४ वे कलम केवळ धागा, बियाणे किंवा बागकाम यांसाठी, सरकारी आदेशाने व अटींवर, लागवडीला मुभा देऊ शकते. उत्तराखंडने औद्योगिक भांगेसाठी असा मार्ग स्वीकारला आहे. तेव्हा ‘आता सर्व खुले झाले’ असे सांगून कोणी भागीदारीचे पैसे मागितले, तर आधी सरकारी परवाना डोळ्यांनी पाहावा.

धंदा कोणताही असो, मोरोक्कोचा धडा कामाचा आहे. संस्था करा, करार लेखी करा; आणि त्या करारात भावाइतक्याच ठळक अक्षरांत पैसे मिळण्याची तारीख लिहून घ्या.